सुदानच्या पोरांना मदत करायचीय? कपड्यांची पिशवी आधी खाली ठेवा

2022 ला युक्रेनचं युद्ध सुरू झालं तेव्हा आमच्या सोसायटीने हौसेने कपडे गोळा केले, पार्किंगमध्ये हा ढीग, निवडायला बसलो तर एकाच पायाचा बूट, हुक तुटलेलं परकर-पोलकं आणि कुणीतरी चक्क लग्नातला फेटा टाकलेला. कुरियरवाल्याने जो आकडा सांगितला तेवढ्यात तिकडे नवेच कपडे आले असते. शेवटी सगळं भंगारवाल्याकडे गेलं. आता सुदानसाठी काय पाठवू म्हणून जो तो विचारतोय म्हणून एकदाच लिहून टाकतो.

15 एप्रिल 2023 पासून तिथं लष्कर आणि रॅपिड सपोर्ट फोर्सेस ही निमलष्करी फौज यांची जुंपलीय, लाखो पोरं घर सोडून कॅम्पात नाहीतर बॉर्डर ओलांडून शेजारच्या चाडमध्ये, आणि ऑगस्ट 2024 ला पश्चिमेकडच्या डारफुर भागातल्या झमझम कॅम्पात तर भूकबळीचा दुष्काळ जाहीर झाला.

तर पैसेच द्या. का ते सांगतो. अगदी खंगलेल्या पोरांना तिथं शेंगदाण्याच्या पेस्टचं पाकीट देतात, 92 ग्रॅमचं, त्यात 500 कॅलरी. शेंगदाणे, दूध पावडर, साखर, तेल, वरून व्हिटॅमिन, म्हणजे आपल्या कुटाच्या लाडवाचाच पातळ भाऊ म्हणा. कोपरा फाडायचा आणि पोराने चोखायचं, ना चूल लागते ना पाणी, आणि जिथं पाणीच गढूळ तिथं ही फार मोठी गोष्ट आहे. एका खोक्यात 150 पाकिटं, साधारण एका पोराचा पूर्ण कोर्स निघतो. हे तुम्ही आम्ही पार्सल करू शकत नाही, युनिसेफसारखे लोक करतात.

आता द्यायचे कसे. संस्थेच्या वेबसाइटवर पत्ता स्वतः टाइप करून जा, व्हॉट्सअॅपवर आलेल्या लिंकवरून नको. क्यूआर कोड आला असेल तर पिन टाकायच्या आधी स्क्रीनवर नाव कुणाचं येतंय ते वाचा, संस्थेच्या जागी कुणा भाऊसाहेबांचं नाव दिसलं की तिथंच बॅक. आणि एक प्रश्न मेल करून विचाराच, पैसे नक्की सुदानला जाणार की भारतातल्या कामाला? भारतातल्या बऱ्याच शाखा इथल्या कामासाठीच गोळा करतात, त्यात वाईट काही नाही पण आपल्याला माहीत पाहिजे.

परदेशी संस्थेला डायरेक्ट दिलं तर देणगीवरची टॅक्स सूट विसरा, लोक जिला 80जी म्हणतात ती. कार्डाने देणार असाल तर बँकेच्या अॅपमध्ये इंटरनॅशनल चालू करा, लिमिट देणगीएवढंच ठेवा, परदेशी चलनासाठी बँकेचा मार्कअप चार्ज लागतो तो धरून चाला आणि काम झालं की लगेच बंद करा. इथल्या संस्थेला देत असाल तर पॅन द्या आणि नंतर टॅक्स सुटीसाठी देणगीचं सर्टिफिकेट मागून घ्या, आणि 2000 च्या वर कॅश दिली तर सूट नाही. नव्या टॅक्स रिजीममध्ये तसंही ती मिळत नाही, त्यामुळे सीएला उगाच पिडू नका.

"तिथलं एखादं पोर दत्तक घेता येईल का हो?" असं एका काकूंनी विचारलं. मन मोठं आहे त्यांचं, पण नाही. पळापळीत एकटं सापडलेलं पोर अनाथच असेल असं नाही, आई दुसऱ्या कॅम्पात असते, रेडक्रॉसवाले अशांची गाठ घालून द्यायला धडपडत असतात. आमच्या कोल्हापूरजवळ वळिवड्याला 1943 ते 48 पाच हजारांच्या आसपास पोलिश निर्वासित राहून गेले, बहुतेक बाया आणि पोरं, त्यांना तिथं पोलिश शाळा होत्या, चर्च होतं, दवाखाना होता, म्हणजे पोरं आपल्या माणसांतच वाढली.

कॅम्पातल्या पोरांचे फोटो नाव-गाव टाकून स्टेटसला ठेवू नका, वाईट हेतूने शोधणारे त्यावरून पोरांना शोधतात.

आणि मॉलमध्ये टॅब घेऊन उभी असलेली संस्थांची मुलं दर महिन्याचं ऑटोपे लावायला लावतात. परवडत असेल तर लावा, संस्थांना महिन्याचा पैसाच जास्त कामाचा असतो, फक्त यूपीआय अॅपमध्ये ते बंद कुठून करायचं ते तिथंच उभं राहून बघून घ्या, मला सापडायला चार महिने लागले.