दोन साहेबांच्या मधोमध: मॅट्रिक्स कंपनीत नव्याने येणाऱ्यांसाठी

जळगाव, धुळे, शिरपूरकडच्या कॉलेजांतून डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंग करून जी मुलं-मुली कारखान्यात रुजू होतात, त्यांना सुरुवातीलाच एक गोष्ट गोंधळात टाकते. नेमणुकीच्या पत्रावर एका साहेबांचं नाव असतं आणि रोजचं काम दुसरेच सांगतात. एचआरला विचारलं तर उत्तर मिळतं, "हे तुमचे सॉलिड लाइन, ते डॉटेड लाइन." म्हणजे एक कायमचे थेट वरिष्ठ, दुसरे कामापुरते. ऐकताना समजल्यासारखं वाटतं. खरा प्रश्न दोघांची कामं एकाच दिवशी अंगावर आली की सुरू होतो.

मी बरीच वर्षं जळगाव एमआयडीसीतल्या एका मध्यम आकाराच्या कंपनीत प्लॅनिंगला काम केलं. ठिबकच्या नळ्या आणि पीव्हीसी पाईप हे आमचं काम. डिझाइन, टूलरूम (साचे बनवणारा आणि दुरुस्त करणारा विभाग), उत्पादन, क्वालिटी, खरेदी असे विभाग उभे, आणि त्यांना आडवे छेदणारे प्रोजेक्ट: एक निर्यातीचा, एक नव्या ड्रिपरचा (नळीतून थेंबथेंब पाणी सोडणारा भाग), एक सरकारी पुरवठ्याचा. टूलरूमचा फिटर टूलरूमच्या साहेबांचा माणूस, पण ड्रिपरचा साचा बनेपर्यंत तो प्रोजेक्टवाल्यांचाही. हेच मॅट्रिक्स.

ही रचना आली कुठून हे माहीत असलं की तिच्यावरचा राग थोडा कमी होतो. आंरी फेयोल यांनी 1916 साली व्यवस्थापनाची चौदा तत्त्वं मांडली, त्यातलं एक होतं की एका माणसाला एकाच वरिष्ठाकडून हुकूम मिळावा. कारखाने बराच काळ याच तत्त्वावर चालले. 1960च्या दशकात अमेरिकेतल्या विमान आणि अवकाश उद्योगात ते पुरेनासं झालं. सरकारला प्रत्येक मोहिमेसाठी जबाबदार असा एक माणूस समोर हवा होता, पण प्रत्येक मोहिमेला स्वतंत्र तज्ज्ञ पोसणं परवडणारं नव्हतं. म्हणून इंजिनिअर आपापल्या विभागातच राहिले आणि कामापुरते प्रोजेक्टला दिले गेले. दोन्ही गरजा खऱ्या होत्या, त्यामुळे दोन वरिष्ठही खरेच होते. पुढे 1988 साली स्वीडनची आसेआ आणि स्वित्झर्लंडची ब्राऊन बोव्हेरी एकत्र येऊन एबीबी झाली. तिने देश एका बाजूला आणि व्यवसाय दुसऱ्या बाजूला अशी जगभर पसरलेली मॅट्रिक्स उभी केली. तिचं कौतुक खूप झालं, आणि 1998मध्ये एबीबीनेच ती मोडून व्यवसायांच्या बाजूला वजन दिलं. एवढ्या मोठ्या कंपनीलाही हा तोल सांभाळणं जड गेलं, हे नव्या माणसाने लक्षात ठेवावं.

सगळ्यांना मॅट्रिक्स लागतही नाही. आपल्याकडच्या डाळ मिलमध्ये मालक स्वतः गोदामापासून डिस्पॅचपर्यंत फिरतो, माल ठरलेला आणि यंत्रं ठरलेली. तिथे दोन रेषा काढणं म्हणजे उगाच त्रास. जिथे कसबी माणसं थोडी, कामं अनेक, आणि दर्जा व तारीख दोन्ही सोडता येत नाहीत, तिथेच ही रचना परवडते.

आमच्याकडे सगळ्यात मोठी कसोटी लागायची ती उन्हाळ्यात. खानदेशात बागायती कापसाची लागवड मे महिन्यापासून सुरू होते, पाठोपाठ जून-जुलैत केळीची मृगबाग. शेतकऱ्याला नळ्या त्याआधी शेतात हव्यात, म्हणून एप्रिलमध्ये डीलरचे फोन थांबत नाहीत. अशाच एका एप्रिलमध्ये चालू मालाचा ड्रिपरचा साचा झिजून दुरुस्तीला आला, आणि त्याच आठवड्यात निर्यातीच्या नव्या साच्याची ट्रायल लागली. दोन्ही कामं करू शकेल असा हात एकच. उत्पादनाचे साहेब येऊन सांगायचे, आधी दुरुस्ती. तासाभराने प्रोजेक्टचे साहेब येऊन सांगायचे, आधी ट्रायल. अमळनेरकडचा तो फिटर, कामात अत्यंत चोख माणूस, मला म्हणाला, "ताई, आते कोनं आयकानं?"

त्याने दोघांचंही ऐकलं. सकाळी हा साचा उघडायचा, दुपारी तो. दुरुस्ती अर्धवट राहिली, ट्रायलमध्ये ड्रिपरला फ्लॅश, म्हणजे साच्याच्या फटीतून बाहेर येणारं जादा प्लास्टिक, येत राहिला, आणि आठवडा संपला तेव्हा हातात काहीच नव्हतं. नंतर मीटिंगमध्ये चर्चा झाली ती फिटरच्या वेगाची. मला आजही ते अन्यायाचं वाटतं. भांडण दोन साहेबांच्या प्राधान्यांचं होतं. ते त्यांनी समोरासमोर मिटवलं नाही, म्हणून ते खाली झिरपत एका फिटरच्या हातात येऊन पडलं. मॅट्रिक्स बिघडते तेव्हा बहुतेक वेळा अशीच बिघडते.

आपल्या पांझरेकाठची फड पद्धत ज्यांनी पाहिली किंवा ऐकली आहे त्यांना यातलं मर्म लगेच कळेल. बंधाऱ्याचं पाणी एकच, शेतं अनेकांची. कोणत्या फडात, म्हणजे शेतांच्या गटात, कोणतं पीक आणि पाण्याची पाळी कोणाची, हे गाव आधी ठरवतं. पाटकरी ठरल्याप्रमाणे पाणी फिरवतो. बांधावर उभ्या असलेल्या दोन शेतकऱ्यांमधून एकाची निवड करणं हे पाटकऱ्याचं काम नाही.

आमच्या प्लँट हेडनी त्या हंगामानंतर जे बदल केले ते साधे होते, पण टिकले. पहिला बदल सोमवारचा. सकाळी एक तास विभागप्रमुख आणि प्रोजेक्टवाले एकाच टेबलाशी बसायचे. समोर एक कागद, त्यावर ज्यांची ओढाताण होते अशी माणसं आणि यंत्रं एवढीच: टूलरूममधले दोन फिटर, क्वालिटी लॅब, एक एक्सट्रूडर लाइन (पाईप तयार करणारी यंत्रांची रांग). त्या आठवड्यात त्यांचा कोणता दिवस कोणाला, हे लिहायचं आणि दोन्ही बाजूंनी सही करायची. पन्नास-पन्नास टक्के असली वाटणी आम्ही बंद केली, कारण अर्धा माणूस म्हणजे नक्की कधीचा अर्धा हे कोणीच सांगू शकत नाही. साचा खोलणं, बसवणं, तापवणं यातच कितीतरी वेळ जातो. दिवसातून दोनदा काम बदललं तर तो दोनदा जातो. म्हणून पूर्ण दिवस वाटायचे.

दुसरा बदल अधिकारांचा, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा. काय करायचं, केव्हापर्यंत आणि किती खर्चात, हे प्रोजेक्टने सांगायचं. कसं करायचं आणि कोणी करायचं, हे विभागाने. ही विभागणी जगभर वापरली जाते, पण आमच्याकडे ती कोणी लिहून काढलेली नव्हती. लिहून काढताच निम्मे वाद विरले. दर्जाचा निर्णय मात्र पूर्णपणे क्वालिटी विभागाकडे राहिला. ठिबकच्या नळीला आयएस 13488 हे मानक आहे, पिण्याच्या पाण्याच्या पीव्हीसी पाईपला आयएस 4985. तारीख गाठायची म्हणून प्रोजेक्टच्या माणसाला लॉट पास करता येऊ लागला, तर त्याचा भुर्दंड रावेर-यावलच्या केळीवाल्याच्या शेतात उमटतो. या एका मुद्द्यावर मी कधीही तडजोड मान्य करणार नाही.

जबाबदारीचे मोठमोठे तक्तेही कंपन्या बनवतात, कोण करणार, कोण उत्तरदायी, कोणाला विचारायचं, कोणाला नुसतं कळवायचं. तक्ता चांगला आहे, पण शंभर ओळींचा तक्ता कोणी उघडत नाही. जे निर्णय वारंवार अडतात ते दहाएक घ्या, आणि प्रत्येकापुढे उत्तरदायी म्हणून एकच नाव लिहा. दोन नावं लिहिली की ते काम कोणाचंच राहत नाही.

आता तुमच्याबद्दल, जे नव्याने आला आहात.

दोन्ही साहेबांना शक्य तितक्या लवकर, आणि शक्यतो एकत्र भेटा. माझा आठवडा कसा वाटला जाणार, रजा कोणाकडे मागायची, दोन कामं एकाच वेळी आली तर कोणाचा शब्द अखेरचा, अप्रेझल कोण लिहिणार आणि दुसऱ्याचं मत त्यात कसं येणार, हे विचारा. जे ठरेल ते चार ओळींच्या मेलमध्ये लिहून दोघांनाही पाठवा. यात उद्धटपणा काही नाही. बहुतेक साहेबांना ते बरंच वाटतं, कारण त्यांनीही आपसात हे बोललेलं नसतं.

आपल्याकडे मोठ्या माणसाला तोंडावर नाही म्हणणं जड जातं. वयाने मोठे साहेब, त्यातून कधी आपल्याच तालुक्यातले, कधी लांबचे नातेवाईक निघतात, आणि मुलं दोघांनाही हो म्हणून बसतात. नाही म्हणायची गरजच पडू नये अशी भाषा शिका. "सर, हे आज घेतलं तर लॅबचा रिपोर्ट गुरुवारी जाईल. प्रोजेक्टच्या साहेबांशी बोलून मला सांगता का?" यात आदर शाबूत राहतो आणि निर्णय जिथे व्हायला हवा तिथे परत जातो. त्यांनी लगेच ठरवलं नाही तर त्याच दिवशी दोघांना एकच मेल करा: दोन कामं, दोन तारखा, कोणती हुकेल. एकाला एक आणि दुसऱ्याला वेगळंच, असं कधीही लिहू नका. "ते साहेब असं म्हणाले" हे वाक्य या टेबलावरून त्या टेबलावर नेणाऱ्या माणसावर पुढे कोणीच विश्वास ठेवत नाही, आणि तालुक्याच्या ओळखीचा आधार घेऊन एका साहेबाला दुसऱ्यावर चढवणाऱ्याचं तर तिथलं भवितव्य संपतं.

प्रोजेक्टचं काम आकर्षक असतं. ग्राहक भेटतो, प्रवास होतो, नाव होतं. पण प्रोजेक्ट संपतो, आणि परत यायचं ते विभागात. म्हणून प्रोजेक्टवर असतानाही विभागातला हात सुटू देऊ नका. टूलरूमचे असाल तर महिन्यातून काही वेळ टूलरूममध्ये उभे राहा, नवं मशीन आलं तर शिकून घ्या, विभागप्रमुखांना आपण काय करतोय ते सांगत राहा. तुमचं कसब त्यांनाच कळतं, आणि बढतीच्या वेळी तेच बोलतात. मी अशी हुशार मुलं पाहिली आहेत जी दोन-तीन प्रोजेक्ट गाजवून परतली तेव्हा विभागात त्यांना ओळखणारं कोणी उरलं नव्हतं.

मीटिंगांबद्दल एवढंच, की मॅट्रिक्समध्ये त्या वाढतच जातात. ज्या मीटिंगमध्ये तुमचं काम ठरत नाही आणि तुम्हाला सांगायचंही काही नाही, तिथे इतिवृत्त मागून घ्या आणि शॉप फ्लोअरवर जा.

मुलाखतीला जाल तेव्हा रचना कशी आहे एवढंच विचारून थांबू नका, चार्ट सगळेच छान दाखवतात. गेल्या हंगामात दोन विभागांना एकच माणूस हवा होता तेव्हा कोणी ठरवलं आणि किती वेळ लागला, हे विचारा. समोरचे दोघं एकमेकांकडे पाहून एकच उत्तर देत असतील तर तिथे शिकायला मिळेल. एकाने "ते आमच्याकडे कधी होतच नाही" असं म्हटलं, तर रुजू होण्याआधी तिथे काम करणाऱ्या एखाद्या ओळखीच्याला फोन करून बघा.