तांड्यावरची भाषा किती टिकून आहे, हे कसं तपासायचं

आधी भाषेचं नाव विचारा, पण ते आपण सुचवू नका. "तुमची भाषा बंजारी ना?" असं विचारलं की समोरचा हो म्हणतो आणि कागदावर बंजारी चढतं. "घरात याडीशी (म्हणजे आईशी) जे बोलता, त्याला काय म्हणता?" असं विचारलं तर तोच माणूस गोरमाटी किंवा गोरबोली सांगेल. जी जी नावं येतील, ती सगळी लिहा. २०११च्या जनगणनेत बंजारी आणि लमाणी-लंबाडी या मातृभाषा हिंदीच्या गटात धरल्या आहेत, म्हणून नुसत्या हिंदीच्या आकड्यावरून तांड्याबद्दल काहीच कळत नाही. मोझांबिकच्या उत्तर किनाऱ्यावर आणि किरिंबा बेटांवर बोलली जाणारी किम्वानी ही बांटू भाषाही अशीच अडकते. ती स्वाहिलीच्या इतकी जवळची आहे की काही जण तिला स्वाहिलीची बोलीच मानतात. तिथली राजभाषा मात्र पोर्तुगीज. शिवाय 'कि' हा भाषा दाखवणारा उपसर्ग आहे, त्यामुळे म्वानी आणि किम्वानी ही दोन नावं दिसली तरी भाषा एकच.

वेळ चुकली तर सगळी मेहनत वाया जाते. दिवाळीनंतर बीडकडचे कितीतरी तांडे ऊसतोडीला जातात. मागे म्हातारी माणसं राहतात आणि भाषा फक्त म्हाताऱ्यांचीच आहे, असं खोटं चित्र उभं राहतं. अक्षय्य तृतीयेनंतर, पेरणीच्या आधी जा. किम्वानी बोलली जाते त्या मोझांबिकच्या काबो देल्गादो प्रांतात २०१७पासून हिंसाचारामुळे असंख्य कुटुंबं गाव सोडून गेली. तिथेही फक्त गावात उरलेल्यांना मोजून भागणार नाही.

तांडा लहान असेल तर सगळी घरं घ्या. मोठा असेल तर नायकाच्या (तांड्याच्या प्रमुखाच्या) घराजवळचीच न घेता, चारही बाजूंची मिळून तीस घ्या. प्रत्येक घरात विचारा: आजी नातवाशी कोणत्या भाषेत बोलते, आई मुलाशी कोणत्या, मुलं आपसात कोणत्या. शेवटचं उत्तर सगळ्यांत मोलाचं, आणि ते विचारून नव्हे, मुलं खेळताना बघून लिहायचं. गुरुजी सोबत असले की मुलं मराठीवर येतात. तांड्यातलाच एखादा तरुण सोबत घ्या, प्रश्न त्यालाच विचारू द्या.

युनेस्कोच्या २००३च्या निकषांत पिढीकडून पिढीकडे भाषा जाण्याला ५ ते ० अशी श्रेणी आहे. सगळ्या वयाची माणसं सगळीकडे बोलत असतील तर ५. सगळी मुलं बोलतात पण फक्त घरात, तर ४. आईबापांची पिढी बोलते, मुलं नाही, तर ३. फक्त आजीआजोबा, तर २. शंका असेल तिथे खालची श्रेणी द्या.

आवाज मोबाइलवर घेणार असाल तर डब्ल्यूएव्ही (WAV) या, आवाज न दाबता साठवणाऱ्या फाइल प्रकारात घ्या. पंखा बंद करा, पत्र्याखाली पावसात बसू नका. परवानगी त्यांच्याच भाषेत, रेकॉर्डिंगच्या सुरुवातीलाच घ्या. निघताना एक प्रत मेमरी कार्डावर बोलणाऱ्याच्या घरी ठेवा.