पोत्यांतून सोडवलेल्या कुत्र्यांचे केंद्र कसे चालवावे

रस्त्यावरच्या जखमी कुत्र्यांसाठी चालणारे केंद्र आणि मांसाच्या व्यापारातून सोडवलेल्या कुत्र्यांचे केंद्र या दोहोंत एक मोठा फरक आहे. पहिल्या ठिकाणी रोज एकदोन जनावरे येत राहतात. दुसऱ्या ठिकाणी दोन-दोन महिने व्यापारातले एकही कुत्रे येत नाही, आणि मग एखाद्या रात्री दोन वाजता पोलीस ठाण्यातून फोन येतो की ट्रक पकडला आहे, आत चाळीसेक कुत्री आहेत, ती कुठे उतरवायची ते लगेच सांगा. या रात्रीसाठी केंद्रात कायम रिकामी ठेवलेली जागा हवी. ती भरून टाकण्याचा मोह दर आठवड्याला होतो, कारण दारात आणून सोडलेली पिल्ले आणि गाडीखाली सापडलेली कुत्री येतच राहतात. तरीही ही जागा भरू देऊ नये. पुढचे सगळे विवेचन या एका नियमावर उभे आहे.

हे मार्गदर्शन ईशान्य भारतातील, मुख्यतः आसाम-नागालँड मार्गावरील परिस्थिती डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहे. आसामातल्या गावांतून उचललेली कुत्री पोत्यांत घालून कार्बी आंगलाँग आणि गोलाघाट या सीमेवरच्या जिल्ह्यांतून दिमापूरकडे नेली जातात. नागालँड सरकारने ४ जुलै २०२० रोजी कुत्र्यांच्या व्यापारावर आणि मांसविक्रीवर बंदी घातली होती. ती अधिसूचना गुवाहाटी उच्च न्यायालयाच्या कोहिमा खंडपीठाने २ जून २०२३ रोजी रद्द केली, कारण ती काढण्याचा अधिकार मुख्य सचिवांना नव्हता असे न्यायालयाचे मत पडले. त्यामुळे केंद्राचा कायदेशीर आधार प्रामुख्याने वाहतुकीतील क्रूरता हाच उरतो, आणि वाहन अडवले जाते ते बहुधा आसामच्या हद्दीत. केंद्रासाठी जागा शोधताना हे लक्षात घ्यावे. दक्षिण कोरियातील केंद्रांचे अनुभव वाचनीय असले तरी ते इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. तिथली बरीचशी कुत्री मांसासाठीच्या फार्मवर जाळीच्या पिंजऱ्यांत जन्मलेली आणि वाढलेली असतात, तर आपल्याकडे येणारा कुत्रा परवापर्यंत कोणाच्या तरी अंगणात किंवा बाजाराच्या नाक्यावर सुखाने झोपत होता.

जागा आणि माणसे

जागा मुख्य रस्त्यापासून फार आत नसावी, कारण पावसाळ्यात ट्रक चिखलात रुतला तर उतरवणी उघड्यावर करावी लागते. तिचे तीन स्वतंत्र भाग करावेत: नव्याने आलेल्यांचा विलगीकरण कक्ष, आजाऱ्यांचा कक्ष आणि विलगीकरण पूर्ण झालेल्यांचे आवार. या तिन्ही भागांची भांडी, झाडू, बादल्या आणि गमबूट वेगळे असावेत व प्रत्येक भागाला वेगळा रंग ठरवून द्यावा. कामाचा क्रम नेहमी निरोग्यांकडून आजाऱ्यांकडे असावा, उलट कधीही नसावा. प्रत्येक कक्षाला दुहेरी दार हवे, म्हणजे बाहेरचे दार लागल्याशिवाय आतले उघडायचे नाही. घाबरलेला कुत्रा माणसाच्या पायांमधून क्षणात निसटतो आणि अनोळखी मुलखात एकदा पळाला की बहुधा परत मिळत नाही.

केंद्रात किती कुत्री ठेवता येतील हे पिंजरे मोजून ठरवू नये, हात मोजून ठरवावे. केवळ खाऊ घालणे आणि सफाई यांसाठी दर कुत्र्यामागे दिवसाला किमान १५ मिनिटे धरावीत. चाळीस कुत्र्यांचे हे काम दहा तासांचे होते, आणि त्यात औषधे, मलमपट्टी, फोन व पोलीस ठाण्याच्या फेऱ्या धरलेल्या नाहीत. दोन माणसांच्या जिवावर शंभर कुत्री ठेवणाऱ्या केंद्राला लोक कौतुकाने भेट देतात. पण तिथे वास कसला येतो आणि कोपऱ्यातले कुत्रे उठून उभे राहते का, एवढे पाहिले तरी खरी स्थिती कळते.

प्रत्येक कर्मचाऱ्याला कामावर येण्यापूर्वी रेबीजची पूर्वप्रतिबंधक लस दिलेली असलीच पाहिजे. चावा बसल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि पूर्वी लस घेतलेली असली तरी त्याच दिवशी दवाखाना गाठावा. या व्यापारात ठिकठिकाणची, बिनलशीची कुत्री एकमेकांना चिकटून प्रवास करतात, म्हणून येथे रेबीजची शंका सदैव जागी ठेवावी. कामगार शक्यतो स्थानिक घ्यावेत. त्यांच्यापैकी काहींच्या घरी कुत्र्याचे मांस खाल्ले जात असेल, तर त्यावरून बाहेरून आलेल्या स्वयंसेवकांनी कोणाला प्रवचन देऊ नये. टोमणा मारून माणूस तुटतो आणि पुढच्या ट्रकची खबर देणारा एक कान कमी होतो.

ट्रक येतो ती रात्र

पोत्यात घातलेला कुत्रा कसा दिसतो हे माहीत नसेल तर पहिल्या रात्री हात थिजतात. धड पोत्यात, पोत्याचे तोंड मानेभोवती सुतळीने आवळलेले, डोके बाहेर, आणि जबडा नायलॉनच्या दोरीने किंवा तारेने करकचून बांधलेला. कुत्रा घाम गाळून थंड होत नाही, धापा टाकून होतो. जबडा बांधला की धाप लागत नाही आणि ट्रकमधल्या गर्दीत अंग तापतच जाते. म्हणून उतरवताना सर्वप्रथम निस्तेज, डोळे फिरवलेली किंवा हिरड्या गडद लाल झालेली कुत्री वेगळी काढावीत. अशांचे तोंड आधी सोडवावे आणि लगेच गुदद्वारातून तापमान घ्यावे. निरोगी कुत्र्याचे तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते. ते ४१ च्या वर असेल तर अंगावर साधे पाणी ओतून पंखा लावावा आणि ३९.४ पर्यंत उतरले की थांबावे, नाहीतर शरीर गरजेपेक्षा जास्त थंड होते.

बाकीच्यांच्या बाबतीत घाई करू नये. सगळी पोती अंगणात एकदम कापली तर दहा मिनिटांत चाळीस कुत्री एकमेकांवर तुटून पडतात आणि निम्मी कुंपणाकडे धावतात. बंद खोलीत एकेक पोते आणावे. आधी गळ्यात सरकफासाचा पट्टा घालून तो एका माणसाने धरावा, मग मानेजवळची सुतळी कापावी, त्यानंतर पोते मागच्या बाजूने उभे चिरून धड मोकळे करावे, आणि जबड्याची दोरी अगदी शेवटी काढावी. त्यासाठी बोथट टोकाची बँडेजची कात्री आणि तारेसाठी पक्कड-कटर दोन्ही हाताशी हवेत. बोट दोरीखाली जात नसेल तर ती मांसात रुतली आहे असे समजावे, ओढू नये, दोरीवर कोमट पाणी सोडत कापावी. दोरी सुटल्याबरोबर बरीच कुत्री नुसती बसून जबडा उघडमीट करत राहतात. त्या शांततेला भुलून तोंडाजवळ हात नेऊ नये. पहिला चावा बहुधा याच वेळी बसतो.

प्रत्येक कुत्र्याला क्रमांकाचा पट्टा घालावा आणि समोरून, दोन्ही बाजूंनी व जखमांचे असे फोटो काढावेत. गळ्यात आधीच पट्टा, घुंगरू किंवा दोरा असेल तर त्याचा वेगळा फोटो घ्यावा आणि मायक्रोचिप (ओळखीसाठी कातडीखाली बसवलेली बारीक चिप) तपासण्याचे यंत्र सर्वांवर फिरवावे, कारण यांतली कित्येक कुत्री चोरलेली पाळीव असतात. कापलेली पोती, दोऱ्या आणि तारा फेकू नयेत. तो खटल्याचा मुद्देमाल आहे आणि पंचनाम्यात त्याची नोंद व्हायला हवी.

पाणी थोडेथोडे, पण वारंवार द्यावे. खाण्याच्या बाबतीत दयाळू माणसांकडूनच सर्वांत मोठी चूक होते. हाडांचा सापळा झालेल्या कुत्र्याला पहिल्याच दिवशी पोटभर भात-मटण घातले, तर रक्तातील फॉस्फरस आणि पोटॅशियम एकदम खाली येऊन तो दोनतीन दिवसांत दगावू शकतो. साधा हिशेब असा: किलोतील वजनाला ३० ने गुणून त्यात ७० मिळवावेत, म्हणजे १२ किलोच्या कुत्र्याची विश्रांतीच्या अवस्थेतील गरज ४३० कॅलरी येते. अतिकृश कुत्र्याला पहिल्या दिवशी याच्या पाव भाग, तोही चारपाच वेळा विभागून द्यावा आणि आठवडाभरात हळूहळू पूर्ण प्रमाणावर यावे. जी कुत्री धडधाकट आहेत आणि फक्त दोनतीन दिवस उपाशी आहेत, त्यांना उकडलेला भात व कोंबडीचे थोडे थोडे जेवण देऊन तिसऱ्या दिवशी नेहमीच्या आहारावर आणता येते.

पहिले तीन आठवडे

पशुवैद्यकाने नकार दिला नसेल तर पहिल्या चोवीस तासांतच डिस्टेंपर आणि पार्व्हो या कुत्र्यांच्या दोन जीवघेण्या विषाणूजन्य रोगांची एकत्रित लस द्यावी. किरकोळ जखमा किंवा जुलाब यांसाठी ती लांबवू नये, कारण एका ट्रकमधून आलेल्या चाळीस जणांत एक तरी रोगी असतोच. रेबीजची लस तीन महिन्यांवरील सर्वांना द्यावी. जंतांचे औषध आणि गोचिडी-पिसवांवरचा उपाय त्याच आठवड्यात करावा; पावसाळी हवेत बरी झालेली कुत्रीही गोचिडींतून होणाऱ्या तापाने पुन्हा आडवी होतात.

पार्व्होचा विषाणू मातीत महिनोनमहिने टिकतो, म्हणून विलगीकरण कक्षाची जमीन सिमेंटची आणि उताराची असावी. आधी विष्ठा व घाण साबणाने पूर्ण धुवावी, मगच घरगुती ब्लीचचे ३० भाग पाण्यात एक भाग असे द्रावण टाकून दहा मिनिटे ठेवावे. घाणीवरच ब्लीच ओतले तर ते वाया जाते. डिस्टेंपर बाहेर फार काळ जगत नाही, पण श्वासातून पसरतो आणि कधीकधी तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात डोके वर काढतो. यासाठी विलगीकरण किमान तीन आठवड्यांचे ठेवावे, आणि तेवढ्यात कोणाला खोकला, नाकातून घट्ट स्राव किंवा पायांचे झटके दिसले तर त्या कक्षासाठी दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजावेत. वर्तनात अचानक बदल, लाळ गळणे आणि घशाला लकवा ही चिन्हे दिसली तर रेबीजची शंका घ्यावी; कोणीही तोंडात हात घालून ‘हाड अडकले आहे का’ हे पाहू नये.

भीतीचा उपचार औषधांपेक्षा वेळेने होतो. प्रत्येक पिंजऱ्यात एक पालथा खोका किंवा पोत्याचा पडदा लावून लपायला जागा द्यावी. पोत्याचा वास काहींना घाबरवतो, तेव्हा जुनी चादर बरी. जेवण देताना डोळ्यांत न पाहता पाठ करून दहा मिनिटे बसावे, आणि हा बसण्याचा वेळ कामाच्या यादीत लिहावा, नाहीतर तो कधीच मिळत नाही. दोन कुत्री एकमेकांना धरून असतील तर त्यांना वेगळे करू नये.

कागदपत्रे

१९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्याच्या कलम ११ खाली पहिल्या गुन्ह्याला दंड आहे १० ते ५० रुपये. आकडा वाचून हसू येते, पण त्याच कायद्याखाली जनावरांचा ताबा मिळतो, म्हणून ते कलम लावून घ्यावे. जनावरे मेली किंवा जायबंदी झाली असतील तर भारतीय न्याय संहितेचे कलम ३२५ आणि मालक सापडला तर चोरीचे कलमही फिर्यादीत यावे, यासाठी तपास अधिकाऱ्याला पहिल्याच दिवशी लेखी अर्ज द्यावा.

२०१७ च्या मुद्देमाल प्राण्यांविषयीच्या नियमांनुसार खटला चालू असताना जनावरे प्राणी कल्याण संस्थेकडे ठेवण्याचा आदेश न्यायदंडाधिकारी देऊ शकतात आणि देखभालीच्या खर्चासाठी आरोपीकडून बंधपत्र घेता येते. मात्र खटला निकाली निघेपर्यंत ही कुत्री न्यायालयाचा मुद्देमाल असतात. न्यायालयाच्या परवानगीशिवाय एकही कुत्रा दत्तक देऊ नये, अगदी कितीही चांगले घर मिळाले तरी. परवानगीचा अर्ज पहिल्या पंधरवड्यातच करावा, सोबत फोटो, वैद्यकीय तपासणीचे अहवाल आणि दिवसाचा खर्च जोडावा. अर्ज लांबला की खटल्याच्या तारखांबरोबर कुत्रीही वर्षानुवर्षे पिंजऱ्यात अडकतात, आणि रिकामी ठेवायची जागा कायमची भरते.

बाहेरची वाट

सर्वप्रथम मूळ मालक शोधावेत. पट्ट्यांचे फोटो आसपासच्या जिल्ह्यांतील पोलीस ठाण्यांत आणि स्थानिक गटांवर टाकावेत. पण मालकीचा पुरावा म्हणून जुना फोटो किंवा लसीचे कार्ड मागावे, कारण व्यापारीही मालक म्हणून येतात. जी रस्त्यावरची होती आणि जिथून उचलली ते ठिकाण ठाऊक आहे, त्यांना निर्बीजीकरण व लसीकरण करून तिथेच सोडणे योग्य, परंतु त्या भागात पुन्हा उचलणारे फिरत नाहीत याची खात्री आधी करावी. ठिकाण अज्ञात असेल तर दत्तक किंवा कायमचा सांभाळ हेच दोन मार्ग उरतात.

पुण्या-मुंबईहून दत्तकासाठी चौकशा येतात. भावना चांगली असली तरी तीन दिवसांचा रेल्वेप्रवास त्याच कुत्र्याला पुन्हा खोक्यात बंद करतो, आणि त्या शहरांतही घर नसलेल्या कुत्र्यांची वाण नाही. अशा माणसांना एखाद्या कुत्र्याचा महिन्याचा खर्च उचलायला सांगणे अधिक उपयोगाचे ठरते.

शेवटचा कुत्रा विलगीकरण कक्षातून बाहेर गेला की त्याच दिवशी कक्ष धुऊन ब्लीच करावा, ऊन लागू द्यावे आणि दार लावून टाकावे. मग उतरवणीची पेटी उघडून सरकफासाचे पट्टे, क्रमांकाचे पट्टे आणि सलाईनच्या बाटल्या मोजाव्यात, तापमापकाची बॅटरी बदलावी आणि कात्रीला धार आहे की नाही हे एका जुन्या पोत्यावर चालवून पाहावे.