नाशिकच्या पाण्यातले स्पंज: शोधायचे कसे, ओळखायचे कसे

गोड्या पाण्यातला स्पंज, म्हणजे दगड-लाकडाला चिकटून वाढणारा सच्छिद्र प्राणी, रंगावरून ओळखायला जाऊ नका. उन्हातल्या दगडावर तो हिरवा दिसतो, कारण त्याच्या पेशींत शैवाल राहतं. दगडाच्या सावलीकडच्या बाजूला तोच स्पंज राखाडी किंवा तपकिरी असतो. नाव ठरतं ते त्याच्या आतल्या सिलिकाच्या सूक्ष्म काट्यांवरून, म्हणजे कंटिकांवरून. त्यातही जेम्यूलच्या आवरणातल्या कंटिका निर्णायक. जेम्यूल म्हणजे वाईट दिवस काढण्यासाठी स्पंज तयार करतो त्या पिवळट-तपकिरी, खसखशीएवढ्या गोळ्या. त्या बहुधा स्पंजाच्या बुडाशी असतात. म्हणून वरवरचा तुकडा खुडून आणला, तर पुढची सगळी मेहनत वाया जाते.

दिवाळीनंतर पाणी निवळलं की सुरुवात करा. पावसाळ्यात गाळामुळे काही दिसत नाही आणि धरणातून विसर्ग सुरू असताना नदीपात्रात उतरणं जिवावर बेतू शकतं. फेब्रुवारीपासून गंगापूर, दारणा अशा धरणांचं पाणी उतरू लागतं, तेव्हा उघड्या पडलेल्या दगडांवरच्या आणि बुडालेल्या बाभळीच्या फांद्यांवरच्या वाळक्या पापुद्र्यांतही जेम्यूल सापडतात. घाटाच्या पायऱ्यांची खालची कड, बंधाऱ्याची भिंत, शेततळ्यातल्या फुटव्हॉल्व्हची जाळी, पाणवनस्पतींचे देठ हेही पाहा. धरणावर जाण्याआधी जलसंपदा विभागाची परवानगी घ्या. नांदूर मध्यमेश्वर अभयारण्य आहे, तिथे वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय काहीच उचलायचं नाही.

शेवाळ बोटाला बुळबुळीत लागतं आणि त्याचे धागे निघतात. स्पंज खरखरीत लागतो, धागे निघत नाहीत, आणि भिंगातून पाहिलं तर पृष्ठभागावर छिद्रं दिसतात. हातमोजे घालाच. कंटिका कातडीत घुसून खाज सुटते, आणि तोच हात डोळ्याला लागला तर फार त्रास होतो.

काठाला समांतर १० मीटरची दोरी टाका. दर दोन मीटरवर २५ सेंमी बाय २५ सेंमीची चौकट ठेवून त्यात स्पंजाने किती भाग व्यापला ते टक्क्यांत लिहा. खोली, पाण्याचं तापमान, पीएच, दगड की लाकूड, ऊन की सावली याची नोंद जागेवरच करा. स्पंज न सापडलेली चौकटसुद्धा लिहायची. ती गाळली की सगळी सरासरी फुगते. पट्टी शेजारी ठेवून फोटो घ्या आणि मग पातळ सुरीने बुडापासून दोन सेंमीचा तुकडा काढा. बाकीचा स्पंज तिथेच राहू द्या.

तुकडा लगेच ९५ टक्के अल्कोहोलमध्ये टाका. स्पंजात पाणी खूप असल्याने अल्कोहोल पातळ होतं, म्हणून २४ तासांनी बदला. फॉर्मॅलिन टाळा, कारण त्यामुळे पुढे डीएनए तपासणी अवघड होते. बाटलीत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी घाला; पेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते.

आता खरं काम. एका परीक्षानळीत ऊतीचा पाच मिमीचा तुकडा आणि दुसऱ्या नळीत निवडलेले १०-१५ जेम्यूल घ्या. दोन्ही एकत्र केले तर कोणती कंटिका कुठली हे नंतर सांगता येत नाही. दोन्ही आधी पाण्याने धुऊन अल्कोहोल काढून टाका, मगच घरगुती ब्लीच घाला. ऊती अर्ध्या तासात विरते, जेम्यूलचं आवरण चिवट असल्याने त्याला काही तास लागतात. ब्लीचमध्ये आम्ल किंवा अल्कोहोल कधीही मिसळू नका, विषारी द्रव्यं तयार होतात. मग डिस्टिल्ड पाण्याने चार-पाच वेळा धुवा. दर वेळी किमान दोन तास बसू द्या आणि वरचं पाणी ड्रॉपरने काढा. घाईत ओतलं की सर्वांत बारीक कंटिका जातात, आणि नेमक्या त्याच हव्या असतात. धुणं कमी पडलं तर काचपट्टीवर मिठाचे स्फटिक दिसतात. शेवटी अल्कोहोलने धुऊन थेंब काचपट्टीवर पूर्ण वाळवा आणि डीपीएक्समध्ये (काचपट्टीवर नमुना कायमचा बसवायचा पारदर्शक चिकट द्रव) बसवा. ओल राहिली तर डीपीएक्स दुधाळ होतं.

हीच पद्धत कोकणकिनाऱ्यावरच्या स्पंजांनाही चालते. तिथे चुनखडीच्या कंटिकांचे स्पंजही असतात आणि त्या आम्लात विरघळतात, म्हणून नायट्रिक आम्लापेक्षा ब्लीच बरं.

एक जेम्यूल ब्लेडने अर्धा कापून वेगळा बसवा. कंटिका आवरणात आडव्या आहेत की उभ्या, हे त्यातच कळतं. आता ४०० पट मोठं करून पाहा आणि जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट, ठरवा. ऊतीत सूक्ष्म काटेरी कंटिका आणि जेम्यूलमध्ये वाकड्या काटेरी कंटिका असतील, तर स्पॉन्जिला. ऊतीत सूक्ष्म कंटिका नाहीत आणि जेम्यूलच्या कंटिका आडव्या असतील, तर युनापियस. उभ्या, टोकांशी काटे दाटलेल्या असतील, तर रेडिओस्पॉन्जिला. जेम्यूलच्या कंटिकांच्या दोन टोकांना दातेरी चकत्या असतील तर एफिडेशिया. चकत्यांची कड गुळगुळीत असेल तर ट्रोकोस्पॉन्जिला. ऊतीत ताऱ्यासारख्या सूक्ष्म कंटिका असल्या तर डोसिलिया. मुंबई बेटावरच्या गोड्या पाण्यातल्या स्पंजांचं वर्णन हेन्री कार्टर यांनी १८४९ साली केलं. युनापियस कार्टेरी हे नाव त्यांच्यावरूनच आलं. तिच्या जेम्यूलवर हवेच्या मोठ्या कप्प्यांचा थर असतो.

प्रत्येक प्रकारच्या किमान २५ कंटिकांची लांबी-जाडी मोजा. डायटम, म्हणजे एकपेशी सूक्ष्म शैवाल, यांची कवचंही सिलिकाची असल्याने ब्लीचमध्ये टिकतात. त्यांच्यावर नक्षीदार छिद्रं असतात, कंटिकांवर नसतात. एखादीच परकी कंटिका दिसली तर ती शेजारच्या स्पंजाची समजा, नोंदीत मोजू नका.

जेम्यूल सापडलेच नाहीत, तर अंदाजाने नाव ठोकू नका. ‘स्पॉन्जिलिडी (हे कुळाचं नाव), जीनस अनिश्चित’ एवढंच लिहा, जागेचे अक्षांश-रेखांश जपून ठेवा आणि पाणी आणखी उतरल्यावर त्याच दगडाकडे परत जा.