लिनक्सवर ट्रॅफिक शेपिंग लागत नाही? या चुका टाळा

टीसी या लिनक्सच्या ट्रॅफिक शेपिंगच्या (नेटच्या वेगाला मर्यादा घालण्याच्या) कमांडने नियम लावला, एररही आली नाही, आणि स्पीड मात्र होता तिथेच. अशा वेळी बहुतेक जण रेटचे आकडे बदलत बसतात. त्याआधी 'टीसी -एस क्लास शो डेव्ह ईथ०' चालवा. प्रत्येक क्लासमधून (वेगाची मर्यादा ठरवलेल्या गटातून) किती बाइट, किती पॅकेट गेली ते समोर येतं. तुमच्या क्लासपुढे शून्य दिसलं तर रेटचा काही दोष नाही, ट्रॅफिक तिकडे फिरकलेलाच नाही.

का फिरकला नाही? एचटीबीत (ट्रॅफिक क्लासांमध्ये वाटणाऱ्या क्यूडिस्कमध्ये, म्हणजे इंटरफेसवरच्या रांगेच्या व्यवस्थेत) 'डीफॉल्ट' क्लास दिलेला नसेल, तर कोणत्याच फिल्टरमध्ये न बसलेला ट्रॅफिक अडवलाच जात नाही, थेट पूर्ण वेगाने निघून जातो. 'टीसी -एस क्यूडिस्क शो'मध्ये 'डायरेक्ट पॅकेट्स स्टॅट' वाढत असेल तर हेच चाललंय असं समजा.

राउटर म्हणून चालणाऱ्या मशीनवर नॅटचा, म्हणजे आतल्या खासगी पत्त्याच्या जागी राउटरचा पत्ता टाकण्याचा, घोळ असतो. बाहेर जाणारं पॅकेट क्यूडिस्कपाशी पोचेपर्यंत त्याचा सोर्स पत्ता बदललेला असतो. त्यामुळे वॅन (इंटरनेटच्या बाजूच्या) इंटरफेसवर १९२.१६८ने सुरू होणारा आतला पत्ता शोधणारा यू३२ फिल्टर (पॅकेटमधली माहिती तपासणारा) कितीही अचूक लिहा, त्याला काही सापडायचं नाही. त्याऐवजी लिनक्सच्या फायरवॉलच्या, म्हणजे आयपीटेबल्सच्या मँगल टेबलमध्ये, फॉरवर्ड चेनवर पत्ता बदलण्याआधीच पॅकेटला मार्क (खुणेचा आकडा) लावा आणि टीसीत 'एफडब्ल्यू' फिल्टरने तो मार्क पकडा.

दुसरी मोठी फसगत दिशेची. शेपिंग होतं ते इंटरफेसमधून बाहेर जाणाऱ्या ट्रॅफिकचं. येणाऱ्या ट्रॅफिकवर नुसतं पोलिसिंग होतं, म्हणजे मर्यादेपलीकडची पॅकेटं टाकून दिली जातात, रांगेत थांबत नाहीत. डाउनलोड खरोखर शेप करायचा तर मिरेड अ‍ॅक्शनने (पॅकेट दुसऱ्या इंटरफेसकडे पाठवणाऱ्या) तो आयएफबी० या आभासी इंटरफेसकडे वळवा आणि नियम तिथे लावा. आयएफबी० 'अप' करायचं राहिलं तर येणारी पॅकेटं तिथेच गळतात, नेट बंद पडल्यासारखं वाटतं. कर्नल लॉगमध्ये तेव्हा 'टीसी मिरेड टू ह्यूस्टन: डिव्हाइस आयएफबी० इज डाउन' अशी ओळ येते. लिहिणाऱ्याला विनोद सुचला असणार, पण ओळ कामाची आहे.

काउंटर हलतायत पण वेग भलताच आहे? मग युनिट तपासा. टीसीच्या भाषेत 'एमबीपीएस' म्हणजे मेगाबाइट प्रति सेकंद. १० एमबिटऐवजी १० एमबीपीएस लिहिलंत तर मर्यादा आठपट होते. इतकी फसवी निवड दुसऱ्या एखाद्या टूलमध्ये क्वचितच सापडेल. उलट तक्रार, म्हणजे लाइन रिकामी असूनही क्लास पुढे सरकत नाही, तर 'सील' (क्लासचा कमाल वेग) दिलाय का बघा. तो नसला की रेट हीच कमाल मर्यादा ठरते, इतर क्लासांचा रिकामा वेग उसना घेता येत नाही.

वेग बरोबर, पण पिंग उसळतंय? बहुधा रेट लाइनच्या पूर्ण स्पीडइतका ठेवलाय. मग रांग तुमच्याकडे लागत नाही, मॉडेममध्ये लागते. रेट ९० टक्क्यांवर आणून बघा आणि सर्वांत खालच्या (लीफ) क्लासला एफक्यू-कोडेल हा रांग छोटी ठेवणारा क्यूडिस्क जोडा.

'फाइल एक्झिस्ट्स' आलं तर आधीचा रूट क्यूडिस्क तसाच आहे. तो काढा किंवा 'अ‍ॅड'ऐवजी 'रिप्लेस' वापरा. रीबूटनंतर टीसीचे नियम उरत नाहीत, त्यामुळे ते स्क्रिप्टमध्ये टाकून सिस्टमडीच्या (लिनक्स सुरू होताना प्रोग्रॅम चालवणाऱ्या व्यवस्थेच्या) सर्व्हिसमधून चालवा.