ज्युनियर संपवून प्रो आइस हॉकीत येणाऱ्या फॉरवर्डसाठी: आधी बोर्डालगतचा पक सांभाळायला शिका

ज्युनियर (साधारण विशीपर्यंतच्या मुलांच्या लीग) संपवून प्रो आइस हॉकीत पाऊल टाकणाऱ्या आपल्या मराठी मुलांचे, बऱ्याचदा त्यांच्या आईवडिलांचे, मला अधूनमधून फोन येतात. प्रश्न ठरलेला असतो: "ज्युनियरला एवढे पॉइंट काढले, मग इथे चौथ्या लाइनवर का बसवलंय?" (पॉइंट म्हणजे स्वतःचे गोल आणि दुसऱ्याच्या गोलाला केलेली मदत; लाइन म्हणजे एकत्र उतरणारे तीन फॉरवर्ड, आणि चौथीला सगळ्यात कमी वेळ मिळतो.) पहिल्या हंगामात रात्रीच्या बस प्रवासात हाच प्रश्न मलाही झोपू द्यायचा नाही. ड्राफ्ट (संघ नवे खेळाडू क्रमाने निवडतात ते), एजंट, कॅम्प हे सगळं तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो.

स्पष्टच सांगतो. नवा फॉरवर्ड गोल करतो की नाही, हे प्रो कोच पहिले काही महिने बघतच नाही. पॉवर प्लेच्या (समोरचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असतानाच्या) जागा आधीच भरलेल्या असतात. तो एकच बघतो: आपल्या झोनमध्ये, म्हणजे आपल्या गोलाकडच्या भागात, बोर्डाला (रिंकभोवतीच्या भिंतीला) घासत आलेला पक (रबरी चकती) हा मुलगा बाहेर काढतो का?

मी इथेच अडकलो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. समजा तुम्ही उजव्या विंगला आहात. आपल्या डिफेन्समनवर नेटमागे दबाव आला की तो पक बोर्डालगत जोरात फिरवतो, म्हणजे रिम करतो. ज्युनियरमध्ये आपण अशा वेळी ब्लू लाइनकडे (झोनच्या सीमेकडे) निघालेले असतो आणि जाता जाता पक उचलतो. तिथे ते खपतं, कारण समोरचा डिफेन्समन बहुतेक वेळा मागे हटतो. प्रोमध्ये तो हटत नाही, बोर्डालगत थेट तुमच्या अंगावर येतो. पक आणि तो एकाच क्षणी पोचतात. तुम्ही स्टिक डाव्या बाजूने चालवत असाल तर पक बॅकहँडवर (स्टिकच्या उलट्या बाजूवर) येतो, म्हणजे आणखी अवघड. स्टिक पुढे करून पक पकडायला गेलात की तो उडून ब्लू लाइनजवळच्या त्यांच्या खेळाडूकडे जातो. मग तुमची लाइन दमलेल्या पायांनी आपल्याच झोनमध्ये अडकते, बदलीही करता येत नाही. त्यात गोल झाला तर पुढची शिफ्ट (बर्फावर उतरायची पाळी) तुमची नसते.

करायचं ते असं. पक नेटमागे असतानाच खांद्यावरून मागे बघायचं. एकदा नाही, दोनदा: समोरचा डिफेन्समन किती जवळ आलाय आणि आपला सेंटर (मधला फॉरवर्ड) खाली कुठे आहे. मग थांबायचं. पाठ बोर्डाकडे, गुडघे वाकलेले, कंबर खाली. पक आधी स्केटने अडवायचा, स्टिक नंतर. सेंटर मोकळा असेल तर त्याला छोटा पास, नसेल तर बोर्डावरच्या काचेवर आपटवून झोनबाहेर. काहीच जमत नसेल तर पक पायात दाबून धरायचा, मदत येईपर्यंत. धक्का बसणारच, तो घ्यायचा. व्हिडिओच्या मीटिंगमध्ये आमचे कोच नेमके पक पोचायच्या आधीच्या क्षणाला चित्र थांबवायचे आणि विचारायचे, "डोकं कुठे वळलंय?" पक गेला की राहिला, हा प्रश्न त्यांच्यासाठी नंतरचा होता.

सराव संपल्यावर एखाद्या डिफेन्समनला थांबवून घ्या आणि रोज दोन्ही बाजूंनी रिम मारून घ्या. कंटाळवाणं काम आहे. पण दोन-तीन महिन्यांत पक येताना छातीत होणारी धडधड कमी होते, हे मी खात्रीने सांगतो.

आणि हे फक्त आपल्याच वाट्याला येतं असं नाही. कॅनडातल्या सरेचा अर्शदीप बेन्स बघा. ड्राफ्टमध्ये कुणी घेतला नाही, तरी रेड डिअर संघाकडून खेळताना 2021-22 मध्ये 112 पॉइंट काढून तो अख्ख्या डब्ल्यूएचएलमध्ये (पश्चिम कॅनडाकडची ज्युनियर लीग) पहिला आला. एनएचएल या सर्वोच्च लीगमधल्या व्हँकुव्हरने करार केला, एएचएल या तिच्या खालच्या लीगमधल्या आपल्या ॲबट्सफर्ड संघात पाठवलं, आणि तिथे पहिल्या वर्षी त्याचे गोल ज्युनियरच्या मानाने बरेच कमी झाले. दुसऱ्या वर्षी, फेब्रुवारी 2024 मध्ये, तो एएचएल ऑल-स्टारचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि त्याच महिन्यात एनएचएलमध्ये उतरला. मॅनी मल्होत्रा तर 1998 च्या एनएचएल ड्राफ्टमध्ये सातवा होता. पण तो एनएचएलचे 991 सामने खेळला ते मुख्यतः फेसऑफ (खेळ सुरू होताना पक जिंकणं) आणि बचावाच्या जोरावर. पुढे तो कोच झाला, आणि त्याच्याच हाताखाली ॲबट्सफर्डने 2025 चा कॅल्डर कप, म्हणजे एएचएलचं विजेतेपद, जिंकला.

उन्हाळ्यात शंकूंमधून पक नाचवायला शिकवणाऱ्या खासगी कोचवर पैसे घालवू नका. व्हिडिओ सुरेख दिसतात, पण अंगावर कुणी येतच नसेल तर त्यातून काय शिकणार? "एखादी मारामारी कर, नजरेत भरशील" असा सल्लाही हमखास मिळेल. अजिबात ऐकू नका. डोक्याला मार बसला तर अख्खा हंगाम जातो, कधी त्याहून जास्त. गुरू हवाच असेल तर संघातल्या स्टारमागे फिरण्यापेक्षा तिशीतला, तिसऱ्या-चौथ्या लाइनवर वर्षानुवर्षं टिकलेला खेळाडू शोधा आणि बसमध्ये त्याच्या शेजारी बसा. त्याला कुणी काही विचारत नाही, म्हणून तो भरभरून सांगतो.

ईसीएचएलला (एएचएलच्या खालच्या लीगला) पाठवलं तर घरी रडारड नको. राहायची सोय संघ करतो, पगार बेताचा असतो आणि तोही हंगामापुरताच, हे खरं. पण तिथे मिनिटं मिळतात, आणि एएचएलमध्ये दहा सामने बेंचवर बसण्यापेक्षा ती मोलाची आहेत. शिवाय एएचएलचा नियम तुमच्या बाजूने आहे: उतरवलेल्या 18 स्केटरपैकी (गोलरक्षक सोडून) किमान 13 जण कमी अनुभवाचे असावेच लागतात. म्हणजे तुमच्यासारख्यांची गरज दर सामन्याला असते. मात्र दर सप्टेंबरला नवी मुलंही येतात, म्हणून निवांत बसू नका.

आईवडिलांना एक विनंती. माझी आई सामना संपला की फोनवर पहिलं विचारायची, "किती गोल?" मी शून्य म्हणायचो आणि पुढे दोघंही गप्प. मग तिला एकदा नीट समजावलं. आता ती सामना लावून बसते आणि विचारते, "पक बाहेर काढलास का रे?" त्या फोननंतर मला झोप लागते.

खाली पाठवतील त्या दिवशी कोचच्या खोलीतून तसेच बाहेर पडू नका. तुमच्या कोणत्या तीन शिफ्टमुळे हा निर्णय झाला ते विचारा आणि त्यांचे व्हिडिओ मागून घ्या. बहुतेक कोच देतात. नव्या गावात पोचलात की पहिल्याच सरावाआधी ते तिथल्या कोचला दाखवा.