वादळानंतर पुळण आणि वाळूच्या टेकड्या सावरताना या चुका टाळा

मोठे वादळ येऊन गेल्यावर अरुंद झालेली पुळण आणि उभी कापली गेलेली वाळूची टेकडी पाहिली की वाळू कायमची गेली, असा समज होतो आणि पहिली चूक तिथेच घडते. वादळी लाटा वाळू ओढून नेतात हे खरे, पण तिचा बराचसा भाग समोरच्या उथळ पाण्यात वाळूच्या दांड्याच्या रूपाने साठून राहतो आणि हवा निवळल्यावर संथ लाटा त्यातली बरीच वाळू काही महिन्यांत परत वर आणून टाकतात. टेकडी मात्र वाऱ्याने उडून आलेल्या वाळूची बनते, त्यामुळे तिला वर्षे लागतात. ही वाट न पाहता ओल्या पट्ट्यातली वाळू बुलडोझरने खरवडून मागे ढीग रचला, तर पुळण खोल होते, लाटा अधिक जवळ येऊन फुटतात आणि तो ढीग पुढच्या उधाणात वाहून जातो. म्हणून टेकडीच्या मागपासून ओहोटीच्या पाण्यापर्यंत ठरावीक रेषांवर उंची मोजावी, काही आठवड्यांनी त्याच रेषांवर पुन्हा मोजावी आणि मगच भरणीचा, म्हणजे बाहेरून वाळू आणून टाकण्याचा, निर्णय घ्यावा.

भरणी करायचीच असेल तर सर्वांत महाग पडणारी चूक वाळूच्या निवडीत होते. मूळ वाळूपेक्षा बारीक वाळू लवकर वाहून जाते. गाळ मिसळलेली वाळू वाळल्यावर कडक बसते आणि कासवांना तीत घरटे खणता येत नाही. चाळणीने कणांचा आकार तपासायला हवाच, पण त्याआधी एक साधी परीक्षा करता येते: दोन काचेच्या बरण्यांत पाणी घेऊन एकीत पुळणीवरची आणि दुसरीत बाहेरून आणायची वाळू मूठभर टाकावी आणि दोन्ही हलवाव्यात. पहिलीतले पाणी निवळल्यावरही दुसरीतले गढूळच राहिले, तर त्या वाळूत गाळ जास्त आहे.

भरणीनंतर पहिल्या हंगामातच पुळण अरुंद झाली, तर काम फसले असे लगेच मानू नये. लाटा नव्या वाळूला आपला उतार देतात आणि तिचा काही भाग पाण्याखाली पसरतो. तो हिशेब आधीच धरलेला असावा. पाण्याकाठी उंच उभा कडा तयार झाला, तर तो मोडून उतार सौम्य करावा. नेदरलँड्समध्ये २०११ साली द हेगजवळ सुमारे २.१५ कोटी घनमीटर वाळू एकाच ठिकाणी टाकली, ती लाटा-वाऱ्यांनीच किनाऱ्यावर पसरवावी म्हणून. एवढी वाळू फार थोड्यांना परवडेल, पण निसर्गाकडूनच काम करून घेण्याची ती दृष्टी मला मोलाची वाटते.

घाबरून बांधलेल्या दगडी भिंतीमागची जमीन तूर्त वाचते, पण समोरची पुळण उतरत जाते आणि भिंतीच्या टोकांशी धूप वाढते.

वाळू अडवण्याचे कुंपण पत्र्यासारखे बंद नसावे. वारा त्याला आपटून पायथ्याचीच वाळू उकरतो. पट्ट्या आणि फटी साधारण निम्म्या-निम्म्या असल्या की वारा मंदावतो आणि वाळू दोन्ही बाजूंना साचते. कुंपण भरतीच्या रेषेला खेटून लावले तर पहिल्याच उधाणात जाते. ते गाडले गेले तर उपसू नये. त्याच ओळीवर दुसरे उभारावे.

लागवडीत झाडांची घाई होते. सुरूच्या झाडांच्या दाट सावलीत आणि गळलेल्या काड्यांच्या थरात वेली-गवते तग धरत नाहीत, आणि टेकडी धरून ठेवतात ती हीच. उष्ण किनाऱ्यांवर मर्यादवेल, थंड किनाऱ्यांवर मॅरम गवत. वाळूचा थर चढला की दोन्ही त्यातून वर येतात. रोपे मरत असतील तर पाण्याला दोष देण्याआधी पायवाटा पाहाव्यात. सततच्या तुडवण्याने पडलेल्या खिंडारातून वारा टेकडी पोखरतो. ते खिंडार कुंपण आणि रोपांनी बुजवावे आणि ये-जा लाकडी पुलावरून वळवावी. पुलाची दिशा मुख्य वाऱ्याला तिरकी ठेवावी.